बिबट्याचा पोशाख आणि तारांकित प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू असताना विधानभवनाच्या आवारात एक बिबट्या दोन पायांवर चालत आला. अंगभर ठिपके आणि भोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं. जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख चढवून आले होते. आपल्या भागात माणसं मरताहेत, बिबट्यांना पकडून निवारा केंद्रांत ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. ती चित्रफीत दिवसभर मोबाईलवर फिरली. कुणी हसलं, कुणी नाटकीपणा म्हणून नाक मुरडलं. त्याच दिवसांत नागपूर शहराच्या पारडी भागात चार पायांचा खराखुरा बिबट्या शिरला, काही जण जखमी झाले आणि विनोदाची चव पालटली.

विधानभवनाच्या पायऱ्यांना वेशभूषेचं वावडं नाही. गळ्यात कांद्याच्या माळा, हातात कापसाची बोंडं, डोक्यावर संत्र्यांच्या टोपल्या हे दर अधिवेशनातलं सकाळचं दृश्य. छायाचित्रकार ठरल्या वेळी येऊन उभे राहतात, घोषणा होतात आणि घंटा वाजली की सगळे आत जातात. पण सोनवणे काही नवखे नाहीत. २०१४ साली ते मनसेचे राज्यातले एकमेव आमदार म्हणून निवडून आले आणि २०२४ मध्ये अपक्ष म्हणून. सभागृहाचे नियम त्यांना ठाऊक आहेत. मंत्र्याला उभं करून जाब विचारण्याचा हक्क हाताशी असलेल्या माणसाला बाहेर ठिपक्यांचा पोशाख का घालावासा वाटतो? या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तर बिबट्याइतकंच पुलांचं, दरडींचं आणि दवाखान्यांचंही बरंच काही उलगडेल.

आधी पोशाखामागची वेदना पाहायला हवी. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत, साधारण वीस दिवसांत, बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले: एक पाचेक वर्षांची मुलगी, एक ऐंशी ओलांडलेली आजी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. संतापलेल्या लोकांनी वन खात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. मग नेमबाज आले आणि त्यांनी एक बिबट्या मारला. त्याच महिन्यात पिंपरखेडची माणसं गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसली. बिबट्या नरडं धरतो, म्हणून हा उपाय. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतो तसला पट्टा माणसाने स्वतःच्या गळ्यात घातला.

हा पट्टा घालून माणूस जातो कुठे? बरेचदा उसाला दारं धरायला, आणि तेही रात्री. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात गाणी, अशा थाटात शेतकरी विहिरीकडे निघतो. स्टार्टर दाबायचा, पाटात उतरायचं, वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं. हे काम वाकून करायचं असतं. वाकलेला माणूस उंचीला लहान दिसतो आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस असतो.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या भागात पाणी आणलं, पाण्याने ऊस आणला आणि उसाने बिबट्याला घर दिलं. वर्षभर थंडावा, दाट आडोसा, कुत्री-डुकरांची शिकार हाताशी. इथल्या मादीची पिल्लं उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांची धुराडी पेटली की तोड सुरू होते, एकेक फड मोकळा होतो आणि बिबट्या सैरभैर होतो. त्याच वेळी मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्या फडाच्या कडेला कोपी घालून, लेकराबाळांसह उघड्यावर झोपतात. हल्ल्यांचा मोसम आणि गाळपाचा मोसम दर वर्षी जवळजवळ सोबतच उजाडतात.

म्हणजे बिबट्याचा प्रश्न एकट्या वन खात्याचा उरत नाही. रात्रीची वीज ऊर्जा खात्याची. रस्त्यावरचा विझलेला दिवा ग्रामपंचायतीचा. त्याचं बिल कोणी भरायचं यावरून महावितरण आणि ग्रामपंचायती यांच्यात वाद होऊन गावंच्या गावं अंधारात गेल्याची उदाहरणं राज्याने पाहिली आहेत. वस्तीपासून शाळेपर्यंत चालत जाणारी पोरं शालेय शिक्षण खात्याची, त्यांच्यासाठी वेळेवर न येणारी एसटी परिवहन खात्याची, ऊसतोड मजुरांची कोपी कामगार, सहकार आणि सामाजिक न्याय या खात्यांच्या मधल्या फटीतली. शेतकऱ्याच्या लेखी ही सगळी एकच रात्र असते. मंत्रालयात तिचे सहा कागद होतात आणि ते सहा मजल्यांवर जातात.

इथेच विधानसभेच्या प्रश्नाची रचना अपुरी पडते. तारांकित प्रश्नाचा एक साचा आहे आणि वर्षानुवर्षं तो जराही हललेला नाही. '(१) अमुक तालुक्यात तमुक महिन्यात बिबट्याच्या हल्ल्यांत वाढ झाली आहे, हे खरे आहे काय; (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय; (३) असल्यास, त्यात काय आढळून आले व त्यानुसार शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' तालुका बदला, बिबट्याच्या जागी पूल, दवाखाना किंवा पाणीयोजना घाला, प्रश्न तयार.

उत्तराचा साचा त्याहून घट्ट. पहिल्या भागाला 'हे खरे आहे', 'हे खरे नाही' किंवा 'हे अंशतः खरे आहे' यांपैकी एक. दुसऱ्या-तिसऱ्या भागाला 'कार्यवाही सुरू आहे'. आणि चौथ्या, म्हणजे सर्वांत नाजूक भागाला ते सुप्रसिद्ध वाक्य: 'प्रश्न उद्भवत नाही.' यामागचं तर्कशास्त्र बिनतोड आहे. कार्यवाही सुरू आहे असं तिसऱ्या ओळीत लिहिलं की ती झालेलीच आहे असं धरायचं, आणि झालेल्या कार्यवाहीला विलंब कसला? पाच वर्षं 'सुरू' असलेल्या कामालाही हे वाक्य चपखल बसतं.

हे उत्तर जन्माला कसं येतं तेही पाहण्यासारखं आहे. अधिवेशन जवळ आलं की तालुक्याच्या कचेऱ्यांत 'एलएक्यू आलाय' ही हाळी ऐकू येते. विधानसभेचा प्रश्न म्हणजे एलएक्यू. मंत्रालयातल्या कक्षातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून गावपातळीच्या कर्मचाऱ्याला निरोप जातो. माहिती त्याच पायऱ्यांनी वर चढते आणि चढताना प्रत्येक पायरीवर तिची धार बोथट होते. कळीची गोष्ट अशी की ज्याच्या कामाबद्दल विचारलंय, उत्तराचा पहिला मसुदा त्याच्याच टेबलावर तयार होतो. 'पिंजरे कमी पडले, म्हणून उशीर झाला' असं स्वतःच्या हाताने कोण लिहून देईल?

त्यातून प्रश्नोत्तराचा तास तो केवढा. यादीवरचे मोजकेच प्रश्न सभागृहात बोलले जातात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. तारांकित प्रश्नाची खरी ताकद उपप्रश्नात असते, कारण तो मंत्र्याला आधी माहीत नसतो. पटलावर ठेवलेल्या उत्तराला उपप्रश्न विचारता येत नाही. छापील उत्तर वाचून आमदार गप्प बसतो किंवा पुढच्या वेळी शिवणाऱ्याकडे पोशाखाची मापं देतो.

त्या अधिवेशनात उपप्रश्नाला वाव किती मोठा होता, हे वनमंत्री गणेश नाईक यांच्या एका विधानावरून कळतं. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. चार मृत्यू झाले की एक कोटी जातात; त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, म्हणजे बिबट्या बाहेर येणार नाही, असा हिशेब मंत्र्यांनी मांडला. त्यावर विनोद बरेच झाले. सभागृहात मात्र एक साधा सवाल पुरेसा होता: उसात जन्मलेला बिबट्या मुळात जंगलात आहे का? ज्याने जंगल पाहिलेलंच नाही, त्याच्यासाठी भीमाशंकरच्या रानात शेळ्या सोडून पिंपरखेडची रात्र सुरक्षित कशी होणार?

या विषयावर जुन्नरकडे पंचवीस वर्षांचा अनुभव आहे आणि तो कागदावरही आहे. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत या भागात हल्ले एकाएकी वाढले. तेव्हा बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लावला गेला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की बिबटे असे हलवण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, नंतर ते १७ वर गेले, आणि बिबटे जिथे सोडले त्या भागातही माणसांवर हल्ले झाले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलेला बिबट्या सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. त्याच्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' हा चित्रपट निघाला, तो पुष्कळांनी पाहिला. धोरण आखणाऱ्यांनी त्यातून काय घेतलं, हाही एक उपप्रश्न होऊ शकतो.

अर्थात सोनवणे यांची मागणीही याच कसोटीवर घासायला हवी. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्यांच्याच मतदारसंघात आहे आणि पकडलेल्या बिबट्यांना आयुष्यभर पोसायला किती जागा, किती मांस, किती माणसं लागतात हे तिथे गेलं की दिसतं. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे राज्याचे हात काही अंशी बांधलेले आहेत, ही सरकारची बाजूही खोटी नाही. नसबंदीसारख्या उपायांना केंद्राची परवानगी लागते. पण रात्रीची वीज दिवसा द्यायला कुठल्या अनुसूचीची आडकाठी नाही. दिवसा वीज देण्याचं आश्वासन घेऊन मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. बिबट्याचा वावर सर्वांत जास्त असलेल्या गावांचे फीडर त्या योजनेत आधी घेतले का, घेतले असतील तर कुठले, हा प्रश्न ऊर्जामंत्र्यांना जितका अडचणीचा ठरेल, तितका बिबट्याचा पोशाख कोणालाच ठरणार नाही.

आता जुन्नरच्या बाहेर येऊ, कारण हा खेळ फक्त बिबट्यापुरता नाही. लोकांच्या जिवाशी संबंधित कुठल्याही प्रश्नाच्या सरकारी उत्तरात तीन शब्द हमखास येतात: पाहणी, यादी आणि मंजुरी. तिन्ही शब्द ऐकायला धीर देतात. गेल्या दहा वर्षांत तिघांचीही परीक्षा झाली आहे.

पाहणीची परीक्षा महाडला झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी गाड्या त्यांच्या प्रवाशांसकट गेल्या, सोबत आणखी वाहनंही. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन तेव्हा मुंबईत चालूच होतं. मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तेव्हा धोका आढळला नव्हता, असं सरकारकडून सांगण्यात आलं. ते खरंच असेल. पण ती पाहणी कोणी केली, पुलावर उभं राहून केली की पाण्याखालच्या पायापर्यंत जाऊन, हातात कोणतं यंत्र होतं, हे प्रश्न पूल पडण्याआधी कोणाला सुचले नाहीत. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला त्यावरून वाहतूक सुरू झाली. यंत्रणेने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, याचा हा पुरावा नदीवरच उभा आहे.

यादीची परीक्षा इर्शाळवाडीला. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्यांवर पुष्कळ काम झालं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. तेव्हाही अधिवेशन चालू होतं. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, अशी माहिती सभागृहात देण्यात आली. ती माहिती म्हणून बरोबर होती. पण यादीत नाव नसणं ही वाडीची चूक नव्हे; यादी करणाऱ्यांनी तो डोंगर कधी चढला होता का, असा उलटा प्रश्न त्यातून निघायला हवा होता. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नव्हता. मदत पथकांना आणि खुद्द मुख्यमंत्र्यांना चिखलातून पायी वर जावं लागलं. जिथे मदतीला गाडी पोचत नाही तिथे यादी करणाराही बहुधा पोचत नाही. रस्त्याच्या प्रश्नाला सुरक्षेची धार येते ती इथे.

मंजुरीची परीक्षा मावळात. १५ जून २०२५, रविवार. पर्यटकांनी गजबजलेल्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. इथे पाहणी झालेली होती, पूल धोकादायक असल्याचं ठाऊक होतं, तसा फलकही होता. नव्या पुलासाठी आठ कोटी रुपये मंजूर झाल्याचं सरकारनेच दुर्घटनेनंतर सांगितलं. म्हणजे पाहणी, यादी, मंजुरी हे तिन्ही शब्द हजर होते. गैरहजर होतं ते रविवारी दुपारी पुलाच्या तोंडाशी उभं राहून गर्दी थोपवणारं कोणीतरी, आणि मंजुरीपासून कामापर्यंतच्या वाटेवर हातात घड्याळ घेऊन बसलेलं कोणीतरी.

दवाखान्यांचंही तेच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालक कक्षात आग लागून दहा अर्भकं दगावली. राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. 'फायर ऑडिट झाले आहे, हे खरे आहे काय?' या प्रश्नाला 'होय' हे उत्तर शंभर टक्के सत्य असूनही निरुपयोगी ठरू शकतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्यानुसार इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. माझ्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाचा गेल्या जुलैचा दाखला पटलावर ठेवा, एवढीच मागणी एखाद्या आमदाराने केली, तर 'होय' म्हणून निसटता येणार नाही. एक तर कागद असेल किंवा नसेल.

प्रश्न असा धारदार करायला वेळ लागतो आणि सभागृहालाही त्यासाठी दिवस लागतात. ते दिवसच आटत चाललेत. करोनाच्या काळात अधिवेशनं दोन-दोन दिवसांवर आली, ते एक वेळ समजू शकतं. २०२५ चं नागपूर अधिवेशन मात्र साथ नसतानाही एका आठवड्यात, १४ डिसेंबरला उरकलं. त्या आठवड्यात दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेताच नव्हता. २०२४ च्या निकालात २८८ पैकी सव्वादोनशेहून अधिक जागा सत्ताधारी आघाडीला मिळाल्या, विरोधातल्या एकाही पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत, आणि परिषदेतलं पद मुदत संपून रिकामं झालं होतं. अशा सभागृहात सरकारला प्रश्न विचारायचं काम बरंचसं सरकारच्याच आमदारांवर येऊन पडतं. ते विचारतातही, कारण मतदारसंघातली माणसं त्यांना सोडत नाहीत. फक्त उत्तर असमाधानकारक आहे असं म्हणून सभात्याग करण्याची सोय त्यांना नसते. पोशाख मात्र घालता येतो. त्यात मंत्री दुखावत नाही आणि बातमीही होते.

दुसरं हत्यार लक्षवेधीचं. नियम १०५ खाली तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागता येतं. लक्षवेधींची संख्या इतकी फुगली की त्यांच्यासाठी सकाळच्या विशेष बैठका भरू लागल्या. पण २०२३ च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात अशाच एका बैठकीला मंत्री हजर नव्हते, लक्षवेधी पुढे ढकलाव्या लागल्या आणि तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी सरकारला धारेवर धरलं. उत्तर द्यायलाच कोणी नसेल तर लक्ष वेधायचं कोणाचं?

मंत्री आलेच आणि भावनेच्या भरात 'तीन महिन्यांत करतो' म्हणालेच, तरी पुढचं काम आश्वासन समितीचं. सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करणारी ही समिती विधिमंडळाच्या सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित समित्यांपैकी एक. तिचे अहवाल छापले जातात, ग्रंथालयात जातात. ज्या गावाला पुलाचा शब्द दिला, त्या गावाला हा शब्द समितीच्या वहीत आहे हे कळतही नाही.

दोष एकट्या सभागृहाच्या माथी मारून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपण आमदाराकडे काय मागतो? लग्नाला या, दहाव्याला या, पोराची बदली करा, मंदिरापुढे सभामंडप बांधा. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी त्याच्या हाती आहे आणि त्याची मोजदाद फ्लेक्सवर होते. त्याने गेल्या अधिवेशनात किती प्रश्न विचारले, त्यांतल्या कितींना 'प्रश्न उद्भवत नाही' हे उत्तर आलं, याचा फ्लेक्स कुठल्याही चौकात लागलेला दिसत नाही. वर्तमानपत्रंही यातून सुटत नाहीत. बिबट्याचा पोशाख पहिल्या पानावर येतो. दिवसा वीज देण्याबद्दलचं लेखी उत्तर आलं, तर आतल्या पानावर चार ओळींत जातं.

आंदोलन आणि प्रश्न यांचं मुळात वैर नाही, हे महाराष्ट्राला मृणाल गोरे यांनी दाखवून दिलं होतं. गोरेगावच्या नळांसाठी झगडताना लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. १९७२ च्या महागाईत बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या पुढाऱ्यांत त्या होत्या. लाटणं हीसुद्धा वेशभूषाच म्हणा. पण त्याच बाई सभागृहात शिरताना आकडे, तारखा, अर्जांच्या नकला घेऊन शिरत. पुढे गर्भलिंग चाचणीविरोधात त्यांनी अशासकीय विधेयक आणलं आणि १९८८ साली महाराष्ट्राने या विषयावरचा देशातला पहिला कायदा केला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि टेंभू-म्हैसाळ योजनांच्या पाण्याचा विषय त्यांनी दशकानुदशकं हातातून सोडला नाही. मुख्यमंत्री बदलत गेले, प्रश्न तोच राहिला, आणि प्रत्येक वेळी मागच्या उत्तराचा हवाला देऊन विचारला गेला.

ती चिकाटी आज नियमांत बसवता येईल, आणि त्यासाठी तिजोरीला फारशी झळ लागणार नाही. लोकांच्या जिवाशी संबंधित प्रश्नाच्या उत्तरात तीन रकाने सक्तीचे करावेत: काम पुरं होण्याची तारीख, त्यासाठी प्रत्यक्ष खात्यात आलेली रक्कम आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम. 'कार्यवाही सुरू आहे' हे या तिन्ही रकान्यांत बसत नाही. दुसरं, प्रश्न अनेक खात्यांचा असेल तर तो तोडून वाटण्याऐवजी त्याचं एकत्र उत्तर मुख्य सचिवांच्या सहीने यावं. बिबट्याच्या प्रश्नात विजेची ओळ असलीच पाहिजे. तिसरं, सभागृहात दिलेल्या आश्वासनांची तालुकावार यादी तहसील कचेरीच्या फलकावर लावावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. वाचणारा ग्रामसेवक असेल, ऐकणारे ज्यांच्यासाठी ते आश्वासन दिलं तेच असतील, आणि सभेनंतर चहाच्या टपरीवर आमदाराला काय विचारायचं हे त्यांना कोणी शिकवावं लागणार नाही.

एवढं होईपर्यंत अधिवेशनांचा फेरा आणि उसाचा फेरा आपापल्या गतीने फिरत राहतील. नागपुरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मार्चमध्ये मुंबईत पटलावर येईल, तेव्हा बहुतेक फड तुटून गेलेले असतील आणि बिबट्या ओढ्याकाठच्या गवतात सरकलेला असेल. हल्ले थोडे कमी झालेले असतील, त्यामुळे उत्तरात 'हे अंशतः खरे आहे' लिहिता येईल. पावसाळी अधिवेशनापर्यंत खोडवा कमरेला लागेल. दिवाळीनंतर पुन्हा धुराडी पेटतील, कोप्या पडतील, आणि रात्रीच्या पाळीत कोणी तरी बॅटरी घेऊन पाटाकडे निघेल. त्याच्या गळ्यात तो खिळ्यांचा पट्टा असेल की नाही, हे त्या आठवड्याच्या विजेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहील.